काळजाचे तुकडे, हरभऱ्याएवढे

मल्लेश्वरमचं हे घर भाड्यानं घेताना घरमालकांनी एकच अट घातली होती. "घरात मटण-मासे शिजवायचं न्हाई बघा." मी ताबडतोब मान डोलावली, कारण आमच्यात खाणारं कुणी नव्हतंच. पुढे आमच्याकडे कुत्री आली आणि तिला ॲलर्जी निघाली. पोळीचा तुकडा जरी पोटात गेला तरी ती रक्त येईपर्यंत अंग खाजवायची. शेवटी डॉक्टरांनी तिला कच्च्या आहारावर ठेवलं. कोंबडीचा खिमा, काळीज, मऊ हाडं, सगळं कच्चं. मी अट पुन्हा आठवून पाहिली. अटीत शब्द ‘शिजवायचं’ असा होता. आम्ही तर काहीच शिजवत नव्हतो! या युक्तिवादावर मी दोन वर्षं सुखानं झोपले.

घरमालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणते. मूळचे बेळगावकडचे, सत्तरी ओलांडलेले, वरच्या मजल्यावर एकटे राहणारे आणि नुकताच एक गुडघा बदलून घेतलेले. आम्ही खाली, आणि त्यांचा जिना आमच्याच दारापुढे उतरतो. एका सकाळी आमची बया दाराच्या फटीतून निसटली ती थेट जिन्यात, अण्णांच्या अंगावर. गेली ती प्रेमानंच, पण नव्या गुडघ्याला प्रेम सोसत नाही. काठी गडगडत खाली आली. अण्णा कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते, चेहरा पांढराफटक.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आठ दिवस देतो," ते म्हणाले. "रविवारी धाला मी खाली उतरणार. दोरी बांधायची न्हाई, खोलीत कोंडायचं न्हाई. अंगावर आलं न्हाई तर राहू दे. आलं तर देवनहळ्ळीला पुतण्याचं शेत हाय, तिथं बांधून ठेवतील. सांभाळतील ओ, मारणार न्हाईत."

बांधून ठेवतील. ती आयुष्यात पाच मिनिटंही बांधलेली राहिली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी कोरमंगलाहून स्कूटरवर एक तरुण प्रशिक्षिका आली. तिनं कुत्रीकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं आणि निदान केलं, "काकू, ही बोलावल्यावर येत नाही. जगात काहीही चाललं असो, हाक मारली की तिनं तुमच्याकडे आलंच पाहिजे. त्यासाठी रोज शंभर वेळा हाक आणि शंभर वेळा खाऊ."

"दुकानातल्या खाऊत गहू असतो."

"मग जेवणातूनच काढा! आठ दिवस ताटलीत फुकट काही पडणार नाही. जे मिळेल ते हाकेवर मिळेल."

मी ओलं काळीज कुर्त्याच्या खिशात घेऊन पाहिलं. तो कुर्ता आता फरशी पुसायला आहे. दुपारी मी तिला फोन केला, तर ती म्हणाली, "वाळवा ना काकू."

आता आली का पंचाईत? वाळवायचं म्हणजे ओव्हन आला, आणि ओव्हन म्हणजे शिजवणं. मी नवऱ्याकडे पाहिलं. सरकारी कारखान्यात आयुष्यभर धातू तापवून तपासलेला माणूस. तो गंभीरपणे म्हणाला, "सत्तर डिग्रीला शिजत नाही. हे वाळवण आहे." त्याचं हे शास्त्र आमच्या फारच सोयीचं असल्यामुळे मी ते तपासून पाहिलं नाही.

काळीज अर्धवट गोठलेलं असताना कापायचं, म्हणजे सुरी सरळ उतरते. हरभऱ्याएवढे तुकडे करून ते पसरायचे, ओव्हनच्या दारात लाकडी उलथनं अडकवून फट ठेवायची आणि चार तास बसायचं. तुकडा वाकला तर अजून ओला, कटकन मोडला तर झाला. जेवढे तुकडे खिशात गेले तेवढं काळीज तिच्या रोजच्या वाट्यातून वजा. वास असा, की कुणी लोखंडी फाटक उकळत ठेवलंय. मी खिडक्या बंद करून कापूर जाळला. वरून अण्णांचा आवाज आला, "काय ओ, रोज एवढी पूजा?"

"मन शांत राहतं, अण्णा!"

हाकेसाठी रोजच्या बोलण्यातला शब्द घ्या, असं प्रशिक्षिकेनं सांगितलं होतं. मी ‘ये’ घेतला. ‘ये!’ म्हटलं की धावत यायचं, समोर बसायचं, मान वर करायची, तुकडा घ्यायचा. आधी हॉलमध्ये, मग अंगणात, मग फुलवाल्यांच्या, भाजीवाल्यांच्या गर्दीत. शनिवारपर्यंत ती मांजर अर्ध्यावर सोडून माझ्याकडे यायला लागली. खोट एकच राहिली होती. बसल्यावर तुकडा लगेच मिळाला नाही, तर ती पुढचे दोन्ही पाय समोरच्याच्या अंगावर टाकून वसुली करायची.

रविवारी सकाळी तिला एकही तुकडा दिला नाही. दहाला पाच कमी असताना मी जिन्याच्या पायथ्याशी उभी होते. ती शेजारी बसलेली, माझ्या मुठीत डबी. नवरा दारात. वर कडी वाजली.

काठी. पाय. दुसरा पाय. काठी.

तिचे कान उभे राहिले. मी पुटपुटले, "बस. बस गं माझी आई." सात पायऱ्या उरल्या तेव्हा तिनं बूड इंचभर उचललं. अण्णांनी ते पाहिलं आणि घाबरून तेच केलं, जे ते गायीला, रिक्षाला आणि क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना करतात. हात उगारून ओरडले, "ए!"

ती बाणासारखी सुटली. थेट त्यांच्या पुढ्यात, एक पायरी खाली, टेचात बसली. मान वर.

"ये!" मी किंचाळले. तिनं वळून पाहिलं.

"ए! ए!" अण्णा. ती पुन्हा त्यांच्याकडे.

"ये!"

"ए!"

तिची मान इकडून तिकडे फिरत होती आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ‘ये’ आणि ‘ए’. तिच्या कानाला दोन्ही एकच. घरातलं उरलंसुरलं काळीज वाळवून मी तिला अण्णांच्या हाकेवर धावायला शिकवलं होतं! आणि ते तुकडा देणार नव्हते. तिचा एक पाय वर उचलला गेला.

"अण्णा, बोलू नका!"

"माझ्या जिन्यात मी बोलू नको?"

"एक अक्षर नको! तुम्ही तिला बोलावताय!"

ते गप्प झाले. मी एकेक पायरी चढले. पळावं तर तीही उसळणार. तिचा पंजा अण्णांच्या धोतराजवळ हवेत होता. मी मागून हात घातला आणि तिच्या नाकाखाली तुकडा धरला. कुडुम. पंजा खाली आला. मग मी अगदी हळू "ये" म्हणत उलटी उतरले आणि ती माझ्यामागून पायथ्याशी आली.

"काय दिलं?" अण्णांनी विचारलं.

खोटं बोलायला जीभ वळेना. "काळीज."

"शिजवलेलं?"

"वाळवलेलं, अण्णा," दारातून नवरा.

अण्णांनी नाक वर करून हुंगलं. "म्हणजे कापूर त्याच्यासाठी."

नवऱ्यानं मान डोलावली.

"अंगावर आलं म्हणू की बोलावलं म्हणून आलं म्हणू?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि काठी पुढे टाकली. सात, सहा, पाच. मी तिच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला नाही, त्यालाही त्यांनी दोरी म्हटलं असतं. त्यांची चप्पल तिच्या नाकापासून वीतभरावरून गेली. तिनं नुसती हुंगली. अण्णा अंगण ओलांडून फाटकाशी पोचले, मग वळले.

"राहू दे. पण तो शब्द बदला. सत्तर वर्षं मी ‘ए’ म्हणालोय, आता मी कुठं बदलू?"

"आणि वाळवण?"

"ते मला इचारू नका. इचारलं तर ‘नको’ म्हणावं लागंल."

नवा शब्द शोधणं सोपं नव्हतं. कन्नडमधला ‘बा’ घ्यावा, तर गल्लीत कुणीही पाहुण्याला ‘ये’ म्हटलं की ती तिकडे धावली असती. शेवटी आम्ही ‘वांगं’ ठरवलं, कारण कन्नडमध्ये त्याला बदनेकाई म्हणतात आणि या गल्लीत ‘वांगं’ कुणी ओरडत नाही. पुन्हा आठ दिवस ताटली रिकामी, पुन्हा ओव्हनच्या दारात उलथनं. नवव्या दिवशी मी तिला घेऊन अंगणात बसले होते. वरची खिडकी उघडली. अण्णांनी मुद्दाम, पूर्ण ताकदीनं आवाज टाकला, "ए!"

तिचा एक कान वर गेला. बाकी सगळी ती माझ्यापाशीच बसून राहिली.