दिनू गोली मागं हुता

दिनू गोली गेला. आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. आन् त्याची एकबी उडी मी बघितलेली न्हाय.

काल रक्षाविसर्जन झालं. तिथनं तालमीतली पोरं सरळ माझ्या घरात. शोकसभा हाय, चौकात मोठा डिजिटल बोर्ड लावायचाय, मी बोलायचं हाय.

"काका, तुम्ही एवढी वर्सं त्यांच्या म्होरं स्टॉपरला खेळलाय. दिनूकाकांची बेस्ट सेव्ह कुठली, तेवढं सांगा."

"मला म्हाईत न्हाय," म्हटलं.

पोरं एकमेकाकडं बघाय लागली. म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं, असं.

फिरलेलं न्हाय. स्टॉपर म्हंजे गोलकीपरच्या म्होरं उभा ऱ्हाणारा गडी. माझं तोंड समोरच्या टीमकडं, पाठ दिनूकडं. बॉल मला चुकवून गेला की मी वळूस्तवर त्यानं छातीशी धरलेला असायचा. गॅलरीतली माणसं येडी व्हायची. मला नुसता दंगा ऐकू यायचा.

पेनल्टीला तरी बघावं? तर वरडायचा, "शिरप्या, माझ्याकडं काय बघतोयस? मी काय नवरी हाय व्हय? आत पळणाऱ्या गड्याकडं बघ!"

मग काय. सगळं मागनंच कळायचं.

मागनं बॉल माझ्या डोक्यावरनं पुढं गेला, म्हंजे दिनूनं धरून परत मारला.

मागं गप झालं, म्हंजे गोल झाला.

बाकी टाईम त्याचं तोंड चालूच. फाउंड्रीत मोल्डर हुता. भट्टीपाशी वरडून वरडून घसा तसला झालेला. सगळं स्टेडियम बोंबलत असलं तरी त्याचा शब्द माझ्या कानात यायचा.

एक फायनल. शेवटची मिनटं, आम्ही एका गोलनं पुढं. बॉल टप्पा घेत नीट माझ्याकडं आला. मारला की विषय संपला.

मागनं आलं, "सोड!"

सोडला.

पायाजवळनं गेला बॉल. गॅलरीतनं माझ्या आईबापाचा उद्धार सुरू. मी वळलो न्हाय.

मग डोक्यावरनं सण्णकन बॉल पुढं गेला.

संध्याकाळी मिसळ खाताना विचारलं, "का सोडाय लावलास रं? माझ्या पायात हुता."

"डाव्या पायात हुता," म्हणाला. "तुझ्या डाव्या पायावर माझा भरवसा न्हाय. पाव घे."

असा माणूस. कौतुक न्हाय, काय न्हाय.

नंतर पोरांना शिकवायचा. नवीन पोरगं ग्लोव्हज घालून उड्या माराय लागलं की म्हणायचा, "आधी वरडाय शीक. म्होरच्या गड्याला कळाय पायजे मागं कोण हाय ते." पेठेतला आजचा कुठलाबी गोली बघा. वरडला की दिनूच वरडल्यासारखं वाटतंय. ती त्याची कमाई.

म्हातारपणी मला डाव्या डोळ्यानं दिसायचं बंद झालं. बायको आधीच गेलेली. पोरगा पुण्यात.

तवापास्नं सकाळी धारोष्ण दूध प्यायला गवळ्याच्या कट्ट्यावर जायाचं झालं की मी पुढं आन् दिनू दोन पावलं मागं. रस्ता मोठा, वाहनं लई.

"थांब."

"डावीकडनं रिक्षा."

"चल."

मी जायचो. बघायचो बी न्हाय.

चौकातली माणसं हसायची. "भांडलाय व्हय दोघं? एकामागं एक का चालताय?"

दिनू म्हणायचा, "ह्याची पाठ बघत म्हातारा झालो. आता तोंड कशाला बघू?"

मागल्या वर्षी पोरगा मला न्यायला आलता. दिनू त्याला एवढंच बोलला, "न्हे की. पण पुण्यात ह्याच्या मागं कोण हाय?" पोरगा एकटाच परत गेला.

काल परत त्याचा फोन. "आबा, आता तरी चला. तिथं तुम्हाला रस्तासुद्धा एकट्यानं ओलांडता येत न्हाय."

खरं हाय ते. मी म्हटलं, "उद्या दूध पिऊन येतो, मग सांगतो."

आज सकाळी गेलो.

रस्त्याच्या कडंला उभा ऱ्हायलो. ट्रक गेला, दोन बस गेल्या. मी आपला उभा. मागनं "चल" यायची वाट बघत.

एक रिक्षावाला वरडला, "पावणं, जायाचं हाय का हितंच घर बांधणार?"

मागं गप.

वळून बघितलं. मागं वळून बघायची आमच्यात पद्धतच न्हवती. फूटपाथवर एक कुत्रं झोपलेलं.

लई वेळ तसाच उभा हुतो. घरी जावं, पोराला फोन करावा, पिशवी भरावी, असं मनात आलं.

पण गोल झाला की दिनू काय करायचा? जाळ्यातनं बॉल काढून माझ्या पायात टाकायचा. "बघत काय ऱ्हायलास? न्हे पुढं."

मान पार डावीकडं फिरवली. उजवीकडं बघितलं. परत डावीकडं. आन् गेलो.

पलीकडच्या फूटपाथला पाय लागल्यावरच थांबलो.

कट्ट्यावरचा गवळी खेड्यातनं म्हसरं घिऊन येतोय, त्याला काय कळलं न्हवतं. ग्लास हातात देत म्हणाला, "आज एकटंच? दिनूकाका मागं हायत व्हय?"

माझ्या तोंडातनं निघालं, "व्हय. हाय मागं."

त्याला खरं सांगायचं ऱ्हाऊनच गेलं. उद्या सांगतो.

पोराला कळवलंय, मी येत न्हाय.

तालमीच्या पोरांनो, मी सभेत बोलणार न्हाय. वाघ-बिघ काय लिहू नका, आन् बोर्ड लावायचाच असंल तर उडीचा फोटो नगं. तोंड उघडं असलेला बघा एखादा, वरडताना. तोच दिनू.

दिनू, पोचलो रं.

रामराम.