ईलिंगची वीट

साउथहॅम्प्टनच्या स्टेशनात उभी होते तेव्हा माझ्या एका हातात चकल्यांचा डबा होता आणि दुसऱ्या हातातल्या कापडी पिशवीत एक वीट. विलायतेत जाऊन मी विटा वाहीन असं फलटणमध्ये कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

वीट माझ्या भाचीची, मीराची. माझी धाकटी बहीण सुधा आणि तिचे डॉक्टर यजमान कित्येक वर्षांपूर्वी इकडच्या इस्पितळात नोकरीला आले. मीराचा जन्म इथलाच. कॉलेज संपवून ती आफ्रिकेतल्या मलावी देशात एका खेड्यात वर्षभर शिकवून आली होती. त्या शाळेत मुलींसाठी शौचालयं नव्हती. गावाने ती स्वतःच बांधायला घेतली. आजूबाजूच्या चार वस्त्यांनी वारुळाची माती कालवून घरटी विटा पाडल्या, भाजल्या आणि भिंती उभ्या केल्या. छपराच्या विकत आणायच्या पत्र्यांपाशी मात्र घोडं अडलं. महिन्याभरात तिकडे पाऊस लागणार होता. विटा मातीच्या गाऱ्यात बसवलेल्या. वर छप्पर नसेल तर गारा धुऊन जाणार आणि भिंती बसणार.

मीराची ग्रेस नावाची एक हुशार विद्यार्थिनी होती. तिने मोठी झाल्यावर शाळा सोडली. उघड्यावर जायची तिला लाज वाटायची. "पत्रे चढले की परत येईन," असं तिने मीराला सांगितलं होतं.

म्हणून त्या रविवारी आम्ही दोघी लंडनमधल्या ईलिंगला निघालो होतो. तिथल्या मराठी मंडळाचा दिवाळीआधीचा मेळावा होता. गणपतीतून उरलेले पैसे कशाला लावायचे, हे तिथेच ठरणार होतं.

खरं सांगते, मला हे फारसं पटलेलं नव्हतं. मी तीस वर्षं मास्तरकी केली. आमच्याकडच्या शाळा काय कमी गळतात? घरचं सोडून आफ्रिकेला कशाला जायचं? पण पोरीचा चेहरा बघून मी गप्प राहिले आणि तिच्या मराठीच्या मागे लागले. ते तरी माझ्या हातात होतं.

गाडी सुटली. खिडकीबाहेर ओली हिरवी कुरणं आणि त्यांत ढिम्म उभ्या मेंढ्या. सुधाने चीज-लोणच्याची सँडविचेस दिली होती. इथलं 'पिकल' म्हणजे गोडसर काळा चिखलच, आपल्या लोणच्याच्या वाऱ्यालाही न उभा राहणारा. ते खात खात मी तालीम घेत होते.

"म्हण, मी तुमच्याकडे देणगी मागायला आले आहे."

"मी तुमच्याकडे देणगी मागायला आली आहे."

"आले आहे. आणि विटा तयार झाल्या, 'झाला' नाही. वीट ती."

"मावशी, वीटला कशाला जेंडर पाहिजे?" ती वैतागून म्हणाली.

"ती तुला तिकडे भेटली तेव्हा विचारायचं होतंस."

ती हसली. वॉटर्लूपर्यंत मी तिच्याकडून 'देणगी' वीस वेळा तरी म्हणवून घेतलं असेल.

वॉटर्लूला फजिती झाली. गर्दीत पिशवीचा तळ उसवला आणि वीट फरशीवर आदळली. एक कोपरा उडाला. ओव्हरकोटातल्या एका म्हाताऱ्या साहेबाने वाकून ती उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि गंभीरपणे विचारलं, "घर बांधताय का, मॅडम?"

"घर नाही, शौचालय," मी माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत सांगितलं.

"उत्तम! त्याची गरज आधी पडते," म्हणून त्याने टोपीला हात लावला आणि गेला. मला त्याचं बोलणं फार आवडलं. मीराने उडालेला कोपराही उचलून खिशात घातला. तेव्हा मला विटेवर काठीने कोरलेली अक्षरं दिसली. "हे त्या वस्तीचं नाव," ती म्हणाली. "माती ओली असते तेव्हा प्रत्येक वस्ती एका विटेवर आपला नाव लिहिते. मग ती भिंतीत बसवतात. ही एक एक्स्ट्रा, मला गिफ्ट दिला."

ईलिंगचा हॉल चर्चच्या मागचा, भाड्याचा. बाहेर ओल्या पानांचा सडा, आत साजूक तुपाचा वास. अनारसे, चिवडा आणि थर्मासातला चहा. मंडळाचे अध्यक्ष दामलेकाका, निवृत्त डॉक्टर, लोकरीच्या जाकिटात. त्यांनी मीराला पुढे बोलावलं. तिने वीट टेबलावर ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि बोलली,

"नमस्कार. मी तुमच्याकडे वर्गणी मागायला आली आहे."

हॉलभर हशा पिकला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"अगं, देणगी म्हण," दामलेकाका हसत म्हणाले. "वर्गणी गणपतीची असते."

"सॉरी काका. डिफरन्स काय असतो?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "देणगी कुणालाही देता येते. आपण द्यायची आणि मोकळं व्हायचं. वर्गणी म्हणजे... आपलंच कार्य असतं ना, त्यासाठी प्रत्येक घराने आपापला वाटा काढायचा."

"मग वर्गणीच," मीरा म्हणाली. "तिकडे प्रत्येक घराने विटा दिला. ज्या आजीला नाही जमत, तिने पाणी आणला. त्यांचा वर्गणी देऊन झाला, काका. आपला राहिला."

कुणी हसलं नाही.

मागून एका बाईंनी विचारलं, "पण आपल्या गावच्या शाळांचं काय?" हा तर माझाच प्रश्न. आणि त्याला उत्तर द्यायला मीच उठले, याचं मला अजून नवल वाटतं.

"मी हिची मावशी, फलटणची," मी म्हणाले. "आमच्या शाळेचा एक वर्ग गावाने असाच उभा केला होता. घरटी पाटीभर दगड आणून. छपराचे पैसे मुंबईत नोकरी करणाऱ्यांनी पाठवले. त्यातल्या कित्येकांचं गाव आमचं नव्हतं. तुमचा काय संबंध, असं आम्ही त्यांना विचारलं नाही, पत्रे चढवले. देणगी हा शब्द हिला मी शिकवला होता. तो चुकीचा होता."

दामलेकाका थोडा वेळ विटेवरची अक्षरं चाचपत राहिले. मग म्हणाले, "पत्रे आपल्याकडून. फक्त मंडळाच्या नावाची एक छोटीशी संगमरवरी पाटी..."

"काका, तिकडे पाटी नसते," मीरा म्हणाली.

"बरं बाई, राहिलं," म्हणून काकांनी तिच्या हातावर अनारसा ठेवला. परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून साउथहॅम्प्टनपर्यंत झोपली. मी तिचं व्याकरण तपासलं नाही.

दिवाळीनंतर मी फलटणला परतले. लोक विलायतेचे राजवाडे विचारायचे आणि मी विटेचं सांगत बसायचे. असेच काही आठवडे गेल्यावर, इंटरनेट कॅफेत मीराची ईमेल उघडली. पाऊस लागायच्या दोन दिवस आधी पत्रे चढले होते. फोटोत चकचकीत पत्रे, दारापुढे आडोशाची नवी भिंत आणि तिच्याजवळ गणवेशातली एक उंच मुलगी. ती ग्रेस, खाली लिहिलं होतं. भिंतीत चार वस्त्यांच्या चार विटा एका ओळीत होत्या. त्यांच्या शेजारी पाचवी, जरा कच्ची भाजलेली. तिच्यावर काठीने, वाकड्या इंग्रजी अक्षरांत कोरलं होतं: ईलिंग.

मीराने इंग्रजी लिपीत, पण मराठीत लिहिलं होतं, "मावशी, बघ, त्यांनी आपला वीट पण लावला."

मी उत्तर लिहायला घेतलं. डोळे भरून आले होते, तरी सवय कुठली जायला? बोटांनी आधी दुरुस्तीच केली: "आपला वीट नाही गं. आपली वीट."

मग ते वाचलं, आणि पुढे काही न लिहिता तेवढंच पाठवून दिलं.