व्यंकटराव गुरुजींच्या अँबेसिडरचा निळा धूर

झरीच्या नागेश मिस्त्रीचं तोंड म्हणजे तोफखाना. जिंतूर रस्त्याला त्याचं गॅरेज. गाडी घेऊन येणाऱ्यानं आधी त्याचं बोलणं खायचं आणि मग चहा प्यायचा, असा तिथला रिवाज. एका बँकेच्या साहेबाला तर त्यानं भर रस्त्यात विचारलं होतं, "क्लचवर पाय ठिवून झोपता का काय तुमी?" तरी लोक त्याच्याकडेच येत. कारण हा गडी इंजिनाच्या बाबतीत कधी चुकला नव्हता, आणि हे तो स्वतःच उठता बसता ऐकवायचा. बढाईखोर? होताच की! पण खरी बढाई मारायलाही अंगात पाणी लागतं.

गावातल्या व्यंकटराव गुरुजींची जुनी अँबेसिडर त्याच्याच हाताखालची. गुरुजी गाडीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. दिवाळीनंतर गुरुजींना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, जीभ अडखळायला लागली. मुलगा योगीराज परभणीला नोकरीला. तो दर रविवारी येई आणि वडिलांना त्याच गाडीतून शेताकडे फिरवून आणी. 'माझ्या नव्या गाडीत बसा' म्हटलं की गुरुजी मान फिरवत. आठवड्यात घराबाहेर पडणं ते काय तेवढंच.

आणि नेमकी तीच गाडी धूर ओकायला लागली. निळा, डोळे चुरचुरवणारा धूर. सगळी गल्ली खोकायची. ऑइल प्रेशरचा काटा तर लटलट कापायचा. परभणीच्या दोन मिस्त्रींनी नुसता धूर बघूनच निकाल दिला: रिंगा गेल्या, बेअरिंग गेलं, इंजिन तेल खातंय, विकून टाका. योगीराजनं भंगारवाल्याला रविवारच्या सकाळचा टेम्पो सांगून टाकला. गुरुजींच्या पत्नी कमलबाई तेवढ्या अडून बसल्या. "एकदा नागेशला दाखव बाबा. मग ने कुठं न्यायची तिथं."

रविवारी उजाडताच नागेश हजर झाला. 'मी यायच्या आधी कुणी स्टार्टर मारायचा न्हाई' असा निरोप त्यानं आदल्या दिवशीच धाडला होता. थंड इंजिन खोटं बोलत नाही, हे त्याचं ठाम मत. बॉनेट उघडलं, तेलाची पट्टी ओढली, पुसली, परत बुडवून काढली आणि तो बघतच राहिला. खूण राहिली कुठल्या कुठं, पट्टी पार वरपर्यंत तेलानं न्हालेली! सगळे म्हणत होते गाडी तेल खायलीय, आणि इथं तेल गळ्यापर्यंत आलेलं. एवढ्या तेलात इंजिनाच्या पोटातला क्रँकचा दांडा फिरला की ते ताकासारखं घुसळतं, त्याचा फेस होतो. फेसाला कुठलं आलंय प्रेशर? काटा कापणारच. आणि वर उडालेलं तेल जळून निळा धूर निघणारच. घोडं इथं पेंड खात होतं. अति तिथं माती!

"कोन त्यो दीडशहाणा, तेल वतनारा..." नागेशनं तोफ डागायला सुरुवात केली, आणि वाक्य अर्ध्यातच राहिलं. तेल ओतायच्या झाकणाशेजारी रुईचं पान चिकटलं होतं. वर कुंकवाचं बोट.

त्यानं मान वर केली. दारात कमलबाई उभ्या होत्या, पदराचं टोक तोंडात धरून. नागेशला सगळं उमगलं. दर शनिवारी मारुतीला रुईची माळ घालून, तेल वाहून ही माउली घरी यायची आणि उरलेल्या श्रद्धेनं गाडीलाही डब्यातलं इंजिनाचं तेल वाहायची. ज्या गाडीनं धनी बाहेरचं जग बघतो, ती चालत राहावी, धनी बरा व्हावा, एवढंच तिचं मागणं. आणि आपल्याच हातानं गाडी मारली हे आत्ता तिला कळलं होतं. नागेशनं पान मुठीत दाबलं आणि गुपचूप खिशात घातलं.

जास्तीचं तेल त्यानं खालून काढलं. पण आत आणखी काही बिघडलं नसेल कशावरून? गाडी चालू केली. काटा वर चढला आणि जागचा हलला नाही. पान्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून त्यानं ऐकलं. ठोका नाही. धूर मात्र तसाच! तेवढ्यात टेम्पोही दारात येऊन थांबला.

"मिस्त्री, धूर काही कमी नाही," योगीराज कंटाळून म्हणाला.

"सायलेन्सरात साचलेलं जळू दे की! वरात थांबलीय का तुमची?"

नागेश बोलला खरा, पण त्याचीही नजर सायलेन्सरवरून हलत नव्हती. धूर हळूहळू पातळ झाला, मग विरला. टेम्पोवाला शिव्या घालत रिकामाच परत फिरला.

"पण बिघाड होता तरी काय?" योगीराजनं विचारलं.

कमलबाईंनी डोळे मिटून घेतले.

"तेल लय झालतं," नागेश म्हणाला. "दिवाळीला सर्व्हिसिंग केली तवा माज्याच हातून जास्त वतलं गेलं. चुकलो."

जमलेली माणसं फिदीफिदी हसली. नागेश चुकला! संध्याकाळपर्यंत झरीभर होणार होतं, पुढची कैक वर्षं त्याला ऐकवणार होते. ज्या नावावर हा माणूस छाती काढून चालायचा ते त्यानं एका दमात मातीत घातलं. सांगा, कोण करतं असं?

योगीराज कपडे बदलायला आत गेला. नागेशनं गुरुजींना उचलून सीटवर बसवलं आणि त्यांचा लुळा पाय आत घेतला, तशी गुरुजींनी डाव्या हातानं त्याची बाही धरली.

"खोटं... बोलायलास," गुरुजी कसेबसे म्हणाले. "मी खाटेवरून... बघायचो. दर शनवारी."

नागेश चाटच पडला. "अहो गुरुजी, मग सांगायचं न्हाई का कुणाला? गाडी भंगारात चालली व्हती!"

गुरुजींनी दारातल्या कमलबाईंकडे बघितलं.

"माझ्यासाठी... ओतायली होती रे ती."