फोन तिचा, सर्व्हर त्यांचा

रंजिताचा मला हेवा वाटतो. आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक म्हणतील, हा पोरीची आरती ओवाळायला बसलाय.

सीवूड्सच्या खाडीकडच्या अंगाला जे टॉवर आहेत, त्यांतल्या एका सोसायटीच्या गेटवर मासळीवाल्यांना आत सोडत नव्हते. त्या गेटपुढे मी दोन वर्षं घसा फोडला. निवेदनं दिली, माहिती अधिकारात अर्ज टाकले, बायकांना टोपल्यांसकट रस्त्यावर बसवलं, पोलिसांच्या गाडीत चढलो. गेट हललं नाही. रंजिताने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि पंधरवड्याच्या आत तिची आई, सरस्वती, टोपली घेऊन लिफ्टने वर. मला ते अजून पचलेलं नाही.

"आरं उदयदादा," सरस्वती चारचौघींत म्हणाली, "तू बोंबलत ऱ्हायलास. हिनी बसल्या जागी गेट उघारला."

बायका हसल्या. माझा बाप साताऱ्याकडचा, वाशीच्या मार्केटात माथाडी. त्यामुळे "घाटी तो घाटीच" हेही वरून ऐकलं.

रंजिता इथलीच, खाडीकाठच्या गावातली. घराण्याची खारजमीन सरकारने घेतली, बदल्यात भूखंड मिळाला, बिल्डरने त्यावर हाच टॉवर बांधला आणि एक फ्लॅट यांना दिला. फ्लॅट रंजिताच्या नावावर, भाड्याने दिलेला. मायलेकी राहतात गावातल्या घरात. म्हणजे सोसायटीत मत आहे, पण गेटवरचा वॉचमन सरस्वतीला काय म्हणे? "आई, तुम्ही या. टोपली नको." मालकाची आई चालायची, तिची मासळी नाही.

रंजिता महाप्याला एका कंपनीत आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या, हे तिचं काम. स्कूटरवरून उतरताना गॉगल डोक्यावर सरकवते, तेव्हा नाक्यावरची माणसं बाजूला होतात. माझ्यासाठी नाही होत.

आता गेट बंद कशाने होतं ते सांगतो. सोसायटीत 'उंबरा' नावाचं अ‍ॅप. राहणाऱ्यांचे सगळे निरोप त्यातूनच. "आज सुरमई आण" असं कुणाला मासळीवालीला कळवायचं असेल तर ते अ‍ॅपमध्येच, आणि तो निरोप तिच्या नावावर चढला तरच वॉचमन टोपली आत सोडणार. पण विक्रेता म्हणून नाव चढवायचं तर दुकानाचा परवाना हवा, जीएसटी नंबर हवा. टोपलीला कसला जीएसटी?

रंजिताने अ‍ॅपच्या कंपनीला दोनदा मेल केला: आमच्या बायकांकडे साधे फोन आहेत, काहीतरी वाट द्या. दोन्ही वेळी तेच छापील उत्तर. मग तिने स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या फ्लॅटच्या खात्यातून, आपला निरोप अ‍ॅपमधून कसा जातो, कसा येतो, ते धागा धागा उसवून बघितलं. आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. अकराव्या मजल्यावरच्या बाईने अ‍ॅपमध्ये "बोंबील" लिहिलं की सरस्वतीच्या बटणाच्या फोनवर मेसेज. सरस्वतीने एक दाबलं की वर "आणते", आणि वॉचमनच्या पडद्यावर त्या घराच्या नावाने हिरवी खूण.

एवढंच. मोर्चा नाही, घोषणा नाही. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मग अ‍ॅपच्या कंपनीची नोटीस आली. तेव्हा मात्र मला बोलावणं आलं.

खोटं कशाला बोलू, नोटीस बघून मला पुन्हा जळजळ झाली. चार पानं, जाड कागद, वकिलांच्या फर्मचं उठावदार नाव. मला आजवर ज्या नोटिसा आल्या त्यांच्यावर माझं नावसुद्धा धड नसतं. हिच्या नोटिशीत मागणी अशी: प्रोग्रॅम बंद करा, आमच्या हवाली करा, आणि 'मी आपल्या सेवेत हॅकिंग केले' असं लिहून सही करा. नाहीतर सायबर पोलिसांत तक्रार, आणि जिथे नोकरी करता त्यांनाही कळवू.

फास दोन्हीकडून होता. सही केली तर चुका काढणाऱ्या पोरीने स्वतः कबूल केलं की ती हॅकर. तिला महाप्यात कोण ठेवणार? सही नाही केली तर केस.

"मोर्चा काढू," मी म्हणालो. "थेट त्यांच्या ऑफिसवर."

"दादा, मोर्च्याची बातमी आधी माझ्या मॅनेजरकडे जाईल," रंजिता म्हणाली. "तुम्ही कायदा वाचता ना? तेवढं करा."

कायदा मी कॉलेजात नाही शिकलो, पोलीस स्टेशनच्या बाकड्यावर शिकलो. पण शिकलो. वाचून आलो आणि तिची उलटतपासणी घेतली.

"अ‍ॅप कुणाच्या फोनवर उघडलंस?"

"माझ्या."

"खातं?"

"माझ्या फ्लॅटचं."

"कंपनीकडे आधी मागितलं होतंस?"

"दोनदा. मेल आहेत."

"इथवर तुझी बाजू आहे," मी म्हणालो. कॉपीराइट कायद्यात एक पोटकलम आहे. हातात रीतसर असलेल्या प्रोग्रॅमशी आपण लिहिलेला प्रोग्रॅम जुळवायचा, आणि त्याला लागणारी माहिती दुसरीकडे सहज मिळत नसेल, तर ती खोलून काढायला मुभा आहे. ते वापराच्या अटींकडे बोट दाखवणार, जिथे आपण सगळे न वाचता 'मान्य' दाबतो. भांडण होईल, पण भांडता येईल. "आता सांग, बाकीच्यांच्या घरांतले निरोप तुझ्या प्रोग्रॅमात आले कसे?"

रंजिताने आईकडे बघितलं.

"मी आनलं," सरस्वती मासळी साफ करता करता म्हणाली. "ओटीपी इचारला, त्यांनी दिला."

"किती जणांकडून?"

"माजी सगली बांधलेली गिऱ्हाइकं. आरं, माजेकरं घराची चावी ठेवून गावाला जातान. ओटीपी काय चावीपेक्षा मोठा हाय?"

खरंय तिचं. बांधलेल्या घरात मासळीवाली थेट ओट्यापर्यंत जाते, मासे कापून, धुऊन, फ्रीजमध्ये ठेवून येते. पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. पण कायद्याच्या पुस्तकात त्या विश्वासाला रकाना नाही.

"फोन तुझा, खातं तुझं, पण सर्व्हर त्यांचा," मी रंजिताला म्हणालो. "भाडेकरूने खोलीची चावी दिली म्हणून बिल्डिंगच्या मीटररूममध्ये शिरता येत नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात शिरलीस म्हणतील. लबाडीने शिरलीस असं ठरवलं तर तीन वर्षांपर्यंत आत."

"मी कुणाचा एक निरोप वाचला नाही!"

"वाचला नाहीस हे तू म्हणतेस. वाचू शकत होतीस हे ते म्हणणार."

मला वाटलं आता पेटणार. मी मनात घोषणासुद्धा जुळवली होती. तिने लॅपटॉप उघडला आणि आमच्यासमोर एकेका गिऱ्हाइकाला फोन करून त्यांची खाती प्रोग्रॅममधून सोडवली. मी म्हणालो, "प्रोग्रॅम पुसू नकोस, पुरावा पुसला म्हणतील. नुसता बंद कर." तेवढा माझा एक सल्ला तिने ऐकला.

"आन् उद्या मी कशी वर जाव?" सरस्वतीने सुरी आपटली. "भित्री कुठली!"

रंजिताने लॅपटॉप मिटला.

वकिलालाही दाखवलं. त्याने माझंच सांगितलं, फक्त इंग्रजीत. वर म्हणाला, "कोर्ट काय म्हणेल त्याची हमी मी देत नाही." बोलणी करायला रंजिता आणि मी, दोघंच गेलो. समोर कंपनीच्या कायदा विभागाच्या क्षिप्रा मॅडम. थंड, नीटनेटक्या. पाणी विचारलं, तेही फक्त रंजिताला.

"एक सही, की विषय संपला," मॅडम म्हणाल्या.

"हॅकिंगचं वाक्य काढा."

"ते आमचं ठरलेलं वाक्य आहे."

"माझ्या खात्यातून माझे निरोप कसे येतात ते मी बघितलं. लिहून देते. दुसऱ्यांची खाती जोडली, ते चुकलं. तेही लिहून देते. बंद केलंय. पण जे केलं नाही त्याच्यावर सही नाही."

"मग केस होऊ शकते."

"होऊ दे."

मला एक गोष्ट ठाऊक होती. एकदा ओटीपी दिला की तिचा प्रोग्रॅम आत तसाच राहायचा. खातं ज्याचं त्याला पत्ताच नाही. केवढं मोठं भोक! मी तोंड उघडलं, "मॅडम, तुमच्या अ‍ॅपची भानगड पेपरात..." तेवढ्यात रंजिताने टेबलाखाली माझ्या पायावर सँडल दाबली.

"दादा, ती धमकी होते," ती म्हणाली. मग मॅडमकडे वळून त्या भोकाबद्दल सगळं शांतपणे सांगितलं. "सही होवो, न होवो, हे बुजवा. लोकांची घरं आहेत."

माझा हुकमाचा पत्ता तिने फुकट देऊन टाकला. मला तिथेच ओरडावंसं वाटलं.

मॅडम आत गेल्या, बराच वेळ फोनवर होत्या. बाहेर आल्या तेव्हा ते वाक्य खोडलेलं होतं. रंजिताने बाकी कागद दोनदा वाचला आणि मग सही केली. काही दिवसांनी कंपनीचं पत्र आलं: तूर्त कारवाई करत नाही, सर्व हक्क राखून. म्हणजे उद्या मनात आलं तर पुन्हा उभे राहतील. मी असतो तर त्या तीन शब्दांनी माझी झोप उडाली असती. ती दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला गेली.

नोकरी टिकली. गेट पुन्हा बंद झालं. सरस्वती लेकीशी आठवडाभर तुटक बोलत होती. मला आयुष्यात एक पाऊल मागे घेता आलेलं नाही. पोलीस असो, बायको असो, मी पुढेच. त्या पोरीने नेमकं जेवढं चुकलं होतं तेवढंच पाऊल मागे घेतलं, एक बोट जास्त नाही. हे कुठे शिकतात?

मी म्हणालो, "रविवारी पुन्हा गेटवर बसतोय आम्ही."

"मीही येते," ती म्हणाली. "टोपली मी घेते. सभासद मी आहे, फ्लॅट माझा आहे. वॉचमनने माझ्या हातातली टोपली अडवून दाखवावी. आता मला लपवायला काही नाही."

सरस्वती खुदकन हसली. बायका आत्तापासून तयारीला लागल्यात. गेटपुढची दोन वर्षं माझी. रविवारी कॅमेरे कुणाकडे वळणार, ते मला आजच दिसतंय.