लोकायले म्हण, चाला

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की मोठ्या कौतुकानं विचारतात, तुमच्याकडं मिळतच नाई ना? मी म्हणते, हाव, दुकानात मिळत नाई, घरपोच येते. हिंगणीच्या पलीकडं, जंगलाच्या अंगानं आमचं वावर. वांगे, भेंडी अन् सांबार, तुमच्याकडची कोथिंबीर, काढाचा अन् बाजारात नेऊन विकाचा, हे आमचं पिढ्यान् पिढ्यांचं काम. वावराचा धुरा, म्हणजे बांध, ओलांडला की मोहाची गाळणारे बसलेले. माह्या नवऱ्याले त्याच्यासाठी कुठं दूर जाचं कामच पडलं नाई.

माणूस वाईट नव्हता, असं आता सगळे म्हणतात. मी नाई म्हणत. प्याला की वाईटच होता. ताट भिरकावाचा, पोरीच्या अंगावर धावाचा, अन् सकाळी हात थरथरते म्हणून चहाच्या आधी पुन्हा एक घोट, मंगच विळा हाती धराचा. मी काय नाई केलं? गळ्यात माळ घालाले लावली, थे त्यानं पोळ्याच्या दिवशी तोडली. कोणी दिलेल्या पुड्या भाजीत कालवून चारल्या. नवस बोलली. सासू जिती होती तवा म्हणे, बाईच्या जातीनं दमानं घ्यावं. दम धरून धरून माही छाती फुटाची वेळ आलती.

बाजारात माह्या बाजूले नालवाडीची एक बुढी मावशी अंडे विकाले बसे. येशूवाली होती. एक दिवस म्हणे, "माह्यासंगं प्रार्थनेले येजो व. काई नाई तं दोन घंटे निवांत बसशील तरी." त्या निवांत बसण्याच्या लालचीनंच मी गेली, खोटं काऊन बोलू. टिनाच्या छपराखाली सतरंजी, समोर एक पेटी वाजवणारा पोट्टा, अन् दहा-बारा बाया. कोणी मले काई विचारलं नाई. मी पोटभर रडली अन् भाजीच्या गाडीनं घरी आली. मंग दर रविवारी जाले लागली.

एका रविवारी नवरा मले ओढून न्याले तिथं आला. टर्र होता. चपलायजवळ बसला. पास्टर भाऊ गुलामीतून पळून निघालेल्या लोकायची गोष्ट सांगून राह्यले होते. मागं राजाची फौज, समोर समुद्र, मधात हे लेकरंबाळं घेऊन उभे. नवरा मागून ओरडला, "मंग? बुडाले का?" पोट्टे हसले. धरणी पोटात घेईन तं बरं, असं मले झालं. पण पास्टर भाऊ चिडले नाई. म्हणाले, "त्यायचा पुढारी देवाजवळ रडाले लागला, तं देव त्याच्यावरच खवळला. म्हणे, माह्याजवळ काऊन रडून राह्यला? लोकायले म्हण, चाला." अन् मंग पाणी कसं दोन्हीकडं सरकलं, थे त्यायनं सांगतलं.

घरी जाता जाता नवरा म्हणे, "देव बी तुह्यासारखाच आहे. सुखानं रडू बी देत नाई." आमी दोघं हासलो. इतक्या वर्षात संगं हासल्याचं मले दुसरं काई आठवत नाई. पुढच्या रविवारी तो आपल्या पायानं आला.

असे काई रविवार गेले. मंग एक दिवस तो उभा राह्यला अन् म्हणाला, आजपासून थेंब नाई. लोकायनं टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी उपास-प्रार्थना ठरली. तो तिथंच राहीन, मंडळी आळीपाळीनं बसतीन, असं ठरलं. पोरीले मी मावशीच्या घरी ठेवली अन् मी बी तिथंच थांबली. पहिला दिवस नुसता घाम अन् येरझाऱ्या. मले वाटलं, जमलं बावा.

दुसऱ्या दिवशी त्याचं सारं अंग कापाले लागलं. भिंतीवर लाल मुंग्या दिसते म्हणे. आपल्याच मांड्या चापटीनं बडवे. मले पाहून "माय, आलीस का" म्हणाला, अन् त्याची माय मरून तवा किती वर्षं झालती. दुपारून त्याचे दात बसले, डोळे पांढरे झाले. दोघा-चौघांनी त्याले दाबून धरलं. एक जण जोरजोरानं म्हणे, "निघून राह्यला, सैतान निघून राह्यला." मी दवाखान्याचं नाव काढलं, तं पास्टर भाऊ म्हणाले, "ताई, हीच लढाई आहे. आता उठवून नेला तं उद्या पुन्हा दारूवर जाईन. विश्वास धरा."

त्या लोकायनं आमचं वाईट चिंतलं नव्हतं, हे मी आजही सांगते. माह्या सख्ख्या भावानं लावला नाई इतका जीव त्यायनं आमाले लावला. म्हणूनच उठाची हिंमत होत नव्हती. उठली अन् तो पुन्हा प्याला, तं त्याचं सुटणं माह्याच हातानं मोडलं. नाई उठली अन् तो मेला, तं?

मी कोपऱ्यात गेली अन् हात जोडले. म्हणलं, देवा, सांग. थांबू का नेऊ? एकच शब्द सांग. मंडळीतले लोक सांगत, त्यायले देवाचा आवाज येते, कोणाले सपन पडते. मले पंख्याची खरखर ऐकू आली, दुसरं काईच नाई. मंग मले असा राग आला की विचारू नका. जल्मभर कोणी माहं ऐकलं नाई, आता हा बी मुका होऊन बसला. मनातल्या मनात मी त्याले नाई नाई थे बोलली.

बोलून थकली तवा त्या समुद्राजवळच्या पुढाऱ्याची आठवण झाली. तो बी असाच रडत बसलता, अन् त्याले काय उत्तर भेटलं होतं? थांब म्हणलं नव्हतं. मी नवा शब्द मागून राह्यली होती अन् जुना शब्द माह्या कानात पडूनच होता. डोक्यात एकदम उजेड झाला असं काई नाई. पायात फक्त जोर आला.

मी पदर खोचला. म्हणलं, "पास्टर भाऊ, रडणाऱ्यावर देव खवळला हे तुमीच सांगतलं ना? मंग तो माह्यावर खवळाच्या आधी ह्याले हात लावा." मागून कोणीतरी म्हणालं, ताईचा विश्वास कमी पडून राह्यला. पास्टर भाऊ वाकले अन् त्यायनं नवऱ्याचे पाय उचलले. मी डोक्याकडून धरलं. ऑटोत त्याचं डोकं माह्या मांडीवर होतं अन् तोंडातून फेस येऊन राह्यला होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं पहिले विचारलं, शेवटची कधी घेतली? मंग म्हणाली, "आणलं हे बरं केलं. इतक्या वर्षांची दारू एका झटक्यात तोडली की शरीर असं उलटते, माणूस जाते बी. औषध देऊन उतरवा लागते." त्याचे हात पट्टीनं खाटेले बांधले. तो मले शिव्या देई, मी खाटेखाली चादर टाकून पडून राही. पास्टर भाऊ रोज येत अन् बाहेर बाकावर बसत. एका सकाळी नवऱ्यानं मले ओळखलं. म्हणे, "पोरगी जेवली का?" लग्न झाल्यापासून हा प्रश्न त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

इथंच संपलं असतं तं मंडळीत उभं राहून साक्ष द्याले, देवानं आमच्यासाठी काय केलं थे सांगाले, लय बरं होतं.

त्यानं दारू सोडली थे खरंच सोडली. वांग्याले पाणी धराचा, बाजारात माह्या बाजूले बसून सांबाराच्या जुड्या बांधाचा. गाळणारे धुऱ्यावरून हाका माराचे, तो हात हलवून पुढं जाचा. पोरगी त्याच्या ताटात जेवाले लागली. अन् मंग त्याचं पोट फुगाले लागलं. डोळे पिवळे झाले, पाय सुजले. डॉक्टरीणबाई म्हणाली, लिव्हर आधीच गेलं होतं, सोडाले उशीर झाला. पोटातलं पाणी काढत, चार दिवसांत पुन्हा भरे.

मी देवाशी कडाकडा भांडली. पीत होता तवा जिता ठेवला, सोडली तवा मारून राह्यला, हा कोणता न्याय? पास्टर भाऊ घरी आले, मरणावरच्या विजयाचं काई सांगाले लागले. म्हणलं, "भाऊ, थो शब्द माह्या घरात काढू नका." त्यायनं पुस्तक पिशवीत ठेवलं अन् नवऱ्याचे पाय चेपत बसले. त्याच्यानंतर आले तवा तवा पायच चेपले.

शेवटी शेवटी त्याचं कण्हणं ऐकवत नव्हतं. एका सकाळी दीर आला, सदऱ्याच्या आत शिशी होती. म्हणे, "वयनी, आता काय राह्यलं? घोटभर देऊ. दुखणं तरी विसरन. मराले टेकलेल्या माणसाले कायचा नेम?" अन् मी, जिनं जल्मभर शिश्या फोडल्या, मी हाव म्हणलं. मले त्याची कीव आली, दुसरं काई नाई. माह्याच हातानं ग्लासात ओतली अन् त्याच्या तोंडाजवळ नेली. म्हणलं, "घ्या. मी काई म्हणत नाई. देव बी म्हणणार नाई."

वासानं त्याचे डोळे उघडले. ग्लासाकडं तो लय वेळ पाहत राह्यला. त्याले पाहिजे होती, हे मले साफ दिसत होतं. मंग त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"नाई," म्हणे. "त्याच्यासमोर तोंडाचा वास घेऊन नाई जाचं मले. पाणी दे."

मी चमच्यानं पाणी पाजलं. दीर शिशी घेऊन रडत बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा गेला.

आजही बाजारात एखादं नवं गिऱ्हाईक विचारते, तुमच्या मालकाले काय झालतं? मी तोंड उघडाच्या आधी बाजूची कोणीतरी सांगते, दारूनं गेला. पहिले मी भांडाची. आता मी जुडी बांधता बांधताच सांगते. नाई बाई. मरण आलं अन् त्याले घेऊन गेलं, थे काई मले थांबवता आलं नाई. पण दारू त्याच्या तोंडापर्यंत आलती, मीच नेलती, अन् तिले हात हलवत परत जा लागलं.