डाव्या हाताची गिटार

घाटकोपरच्या आमच्या चाळीत माझ्या शेजारी राहायचा तो. डावखुरा. लहानपणी जेवताना डावा हात पुढे आला की आई फटका मारायची, म्हणून घास उजव्यानेच. पण गॅलरीच्या कठड्यावर ताल धरायचा तो डाव्याने. अंधेरीच्या एका कारागिराकडे त्याने खास डावखुरी इलेक्ट्रिक गिटार बनवायला दिली होती.

"काय रे, आली का?" कुणीही विचारायचं.

"लाकूड वाळतंय. घाई केली तर वाट लागेल ना!" हे सांगतानाही ऐट केवढी!

गणपतीत ऑर्केस्ट्रावाल्यांनी आपली गिटार देऊ केली, तर म्हणाला, "उसनी नको यार. माझी येतेय." दोन गणपती असेच गेले. पोरं हसायची. मला मात्र त्याची ती ताठ मान आवडायची.

शेवटी गिटार आली, लालभडक. खंडेनवमीला चाळीत जो तो आपापली हत्यारं पुजतो. त्याच्या आईने गिटार पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि त्याच्याकडे वळली. त्याने सवयीने उजवा हात पुढे केला.

"तो न्हय रे," ती म्हणाली. "डावो दी."

आणि फटके खाल्लेल्या त्या हाताला तिने कुंकू लावलं.