अडुळशाचा काढा आणि शनिवारचा दम

शिवकांताच्या पोटावर टेप लावली आणि आकडा महिन्यापूर्वीचाच निघाला. नऊ इंच. सातवा महिना चालू होता. ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत मोजलं की लेकरू किती वाढलं याचा अंदाज येतो. हे लेकरू वाढत नव्हतं. वर तिला अधूनमधून कळाही येत होत्या.

मी तेव्हा नांदेडच्या जनाना दवाखान्यात सिस्टर होते. मूळची लातूरची. निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं ती. रजिस्टर उर्दूत लिहावं लागे आणि माझं उर्दू डॉक्टर बेग लाल शाईनं दुरुस्त करत.

शिवकांता देगलूरकडची. ती आणि नवरा दोघंही जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात कामाला. आधीची दोन लेकरं सातव्यातच गेली होती. तिला दमही होता. श्वास मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. डॉक्टरसाहेब एका श्वासात आकडे म्हणायला लावत. धडधाकट माणूस सहज चाळीसपर्यंत जातो. शिवकांता कानडीत मोजायची, ओंदु, एरडु, मूरु... आणि कधी विसावर थांबायची, कधी दहावर.

मी ते आकडे लिहून ठेवले. बघते तर दहाचा आकडा दर वेळी शनिवारचा. शुक्रवारी जिनिंगला सुट्टी असे. सुट्टी घेतल्यावर दम वाढतो कसा?

"कापसाच्या धुळीचा दम आहे हा," डॉक्टरसाहेब म्हणाले. "रोज धूळ खाऊन छाती सरावते. एक दिवस धूळ सुटली, की सवय मोडते आणि दुसऱ्या दिवशी छाती पुन्हा धरते. तुमचं लिखाण कामाला आलं, सिस्टर."

दमाचं कोडं सुटलं. पोटाचं सुटेना.

ते सुटलं तिच्या सासूमुळं. गुरुबाई दर खेपेला सुनेसोबत यायच्या. तिला उन्हात चालू देत नसत, टांगा करत. त्या दिवशी मी सहज विचारलं, "घरी दमावर काय देता?"

"काढा देऊन राहिले की रोज, बाई. अडुळशाचा. त्यानंच तर दम बसतो तिचा."

"कधीपासून?"

"लगीन झाल्यापासून. लई गुणाचा पाला हाय. आमच्याकडं बाई अडली तर त्येचंच मूळ वाटून पोटाला लावतेत. लगेच सुटका होते."

मी टेप बाजूला ठेवली. अडलेल्या बाईला मोकळं करणारी वनस्पती ही पोर रोज पीत होती.

मी डॉक्टरसाहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी दोन जाडी पुस्तकं चाळली. "किताबात असं काही नाही. आधी धूळ बंद करू, काढा राहू द्या. पंधरा दिवसांनी काढा बंद करू. म्हणजे कशानं फरक पडला ते कळेल."

"साहेब, तिला कळा येऊन राहिल्यात. पंधरा दिवस कुठून आणायचे?"

त्यांनी पुस्तकं मिटली. मग म्हणाले, "ॲडमिट करा. दोन्ही बंद."

पहिले दोन दिवस वाईट गेले. दमावर साहेबांची गोळी होती, पण पोटात लेकरू म्हणून ती जपून द्यायची होती. शिवकांता उशी धरून बसून राहायची. तिसऱ्या दिवशी दुपारी गुरुबाई पदराखाली तांब्या झाकून वॉर्डात आल्या. मी वाट अडवली.

"एक घोट देऊ द्या, बाई. बघवत न्हाई मला."

मी त्यांना व्हरांड्यात नेऊन बसवलं आणि सगळं सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, "म्हंजे ती दोन लेकरं म्याच घालवली."

"ते मला ठाऊक नाही, मावशी. साहेबांनाही नाही. पण तुमच्या काढ्यानं हिचा श्वास चालू राहिला, एवढं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

त्या उठल्या. तांब्या नळाखाली धरला आणि हिरवट पाणी पूर्ण जाईपर्यंत धूत राहिल्या. मग आत जाऊन सुनेची पाठ चोळत बसल्या. सून बाळंत होईपर्यंत त्यांनी ती खाट सोडली नाही.

पाचव्या दिवशी कळा थांबल्या. दहाव्या दिवशी शिवकांता एका दमात सत्तावीसपर्यंत पोचली आणि स्वतःच हसली. टेप हळूहळू पुढे सरकू लागली. नववा भरल्यावर मुलगी झाली. साडेचार पौंडांची, मुठीएवढ्या तोंडाची, पण रडली ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी.

डॉक्टरसाहेब खूश होते आणि वैतागलेलेही. "दोन्ही एकदम बंद केलं. आता धुळीनं की काढ्यानं, हे कोणाला सांगणार? एका केसवरून काहीच साबित होत नाही."

बरोबरच होतं त्यांचं. पुढे कित्येक वर्षांनी माझ्या वाचनात आलं, की अडुळशातलं एक द्रव्य श्वासनळ्या मोकळ्या करतं आणि तेच गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतं. सारख्या आवळणाऱ्या गर्भाशयात लेकराला रक्त कमी पोचतं. तरीही शिवकांताच्या बाबतीत नेमकं काय झालं, ते मी आजही छातीठोक सांगणार नाही.

नव्या नर्सेसना मी एवढंच सांगायचे. पेशंट घरी काय घेतो ते विचारा, आणि विचारताना आवाजात राग नको. रागावलेल्या माणसाला कोणी काढ्याबद्दल सांगत नाही.